दुपारचे उंदीर

नोएडा, १० जून १९९६

ती. स्व. कुमुदआत्यास,
मयुराचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पाचव्या दिवशी पोचलं. करोल बागेहून इथे यायला पत्राला पाच दिवस का लागतात, असं पोस्टमनला विचारलं, तर म्हणाला, बहनजी, बीच में यूपी बॉर्डर है. आमच्या फोनचा अर्ज अजून पडूनच आहे. आणि फोन आला तरी यमुनेपलीकडे एसटीडी लावावा लागतो म्हणून तू काही करणार नाहीस.

थकवा येतो, दुपारी पुस्तक हातात धरूनच झोप लागते, भर जूनमध्ये पाय गार पडतात, असं लिहिलंस. आत्या, तू सदुसष्ट वर्षांची आहेस. मी अडीच वर्षं दुसरं काय मोजते आहे? आपल्या पेशींमध्ये मायटोकॉन्ड्रिया असतात, अन्नापासून ऊर्जा करणाऱ्या भट्ट्याच म्हण. त्या किती वेगाने ऑक्सिजन खातात त्यावरून त्यांचा जोर कळतो. सव्वीस महिन्यांच्या उंदरांच्या हृदयातल्या भट्ट्यांचा जोर तरुण उंदरांच्या निम्म्यावर आलाय. चक्क निम्म्यावर. आमचे मार्गदर्शक सूर्यकांत सर जाम खूश आहेत. लेख पुढच्या महिन्यात पाठवायचा आहे आणि माझा सगळा प्रबंध त्यावरच उभा आहे. तेव्हा शिकवण्या बंद कर आणि झोप आली की झोप. यात लाजण्यासारखं काही नाही, हे आता सिद्धच झालंय.

तुझा जावई यतीन नव्या कंपनीत गेल्यापासून घरी पाहुण्यासारखा येतो. त्याचाही नमस्कार.

रागावशील, पण माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी मयुरा


करोल बाग, १७ जून

चि. मयुरास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

उंदरांच्या रांगेत बसवलंस त्याबद्दल आभार. गल्लीतल्या डॉक्टरनंही मान वर न करता वय झालं म्हणून सांगितलं. शेजारच्या कल्पनाताई तेच म्हणतात, दूधवालासुद्धा अम्माजी, आराम करो म्हणतो. गेल्या दिवाळीपर्यंत मी तीन जिने न थांबता चढत होते. सात-आठ महिन्यांत असं कोणतं वय होतं, ते मला कुणी सांगत नाही. केस मूठमूठ गळतात, आवाज घोगरा झालाय, आणि शिकवणीच्या मुलांना पाढा विचारता विचारता माझाच तेराचा पाढा अडतो. तू तर महिनाभर इकडे फिरकलेली नाहीस.

पहाडगंजच्या आपल्या मराठी शाळेत मी बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. नववीच्या पोरांना मी सांगायची, एक कुंडी उन्हात आणि एक सावलीत ठेवून मग बियाण्याला दोष देऊ नका. म्हणून विचारते. तुझे म्हातारे आणि तरुण उंदीर एकाच वेळी, एकाच रीतीने तपासलेस ना? हो म्हणून कळव, म्हणजे मी गुमान म्हातारी होते.

यतीनला जेवत जा म्हणावं. तुझ्यावर राग आहे, आशीर्वादही आहेत, दोन्ही घे.
कुमुदिनीआत्या


नोएडा, २८ जून

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू हे विचारायला नको होतंस.

अर्थात एकाच रीतीने, असं उत्तर लिहूनही झालं होतं. मग पाकीट चिकटवण्याआधी सहज वही उघडली. तरुण उंदरांच्या सगळ्या नोंदी सकाळच्या आहेत आणि म्हाताऱ्यांच्या सगळ्या दुपारी दोननंतरच्या. कुणी ठरवून केलं नव्हतं. तरुणांचे पिंजरे दाराशी आहेत, म्हणून ते आधी यायचे, इतकंच. आणि दुपारी आमच्याकडे बत्ती जाते. जनरेटरवर दिवे-पंखे चालतात, पण मायटोकॉन्ड्रिया गार ठेवून गरगर फिरवत वेगळ्या काढणारं यंत्र, सेंट्रिफ्यूज, चालत नाही. मायटोकॉन्ड्रिया बर्फासारख्या गार राहिल्या नाहीत तर मोजायच्या आधीच फुटतात. म्हणजे मी मोजलं ते म्हातारपण किती आणि दुपारचा उकाडा किती, हे मलाच सांगता येत नाही.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, सकाळ-दुपारचा असा हिशेब लावत बसलो तर या देशातून एकही लेख बाहेर जाणार नाही. आहे ते पाठवू, शंका पुढच्या कामात बघू. ते दोन वर्षांनी निवृत्त होतायत आणि एवढा मोठा निकाल त्यांच्या हाती पहिल्यांदाच लागलाय. माझी फेलोशिप सप्टेंबरात संपते. म्हातारे उंदीर फक्त नऊ उरलेत, आणि ते बाजारात मिळत नाहीत, दोन वर्षं सांभाळून म्हातारे करावे लागतात.

यतीन म्हणतो, चलो, छोड दो, औषधकंपनीत नोकरी धर. मी दोन दिवस कुणाशी धड बोललेली नाही. तुझ्याशीही बोलायचं नव्हतं.

तरी पत्र लिहिलंच, यातून काय ते समज.
मयुरा


करोल बाग, ५ जुलै

चि. मयुरास,
अनेक आशीर्वाद.

कल्पनाताईंनी मला ओढत हिंदूराव इस्पितळात नेलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरणीनं वय विचारायच्या आधी गळा चाचपला आणि रक्त तपासायला घेतलं. चार दिवसांनी निकाल आणायला गेलो, तर थायरॉइड मंदावलंय. रोज सकाळी एक गोळी. महिनाभरात फरक पडेल म्हणाली. मी तिथंच बाकावर बसून रडले, आणि कल्पनाताईंना वाटलं मी घाबरले. घाबरले नव्हते, चिडले होते. आठ महिने सगळ्यांनी मिळून मला म्हातारी ठरवलं, आणि मीही ते मुकाट्यानं मानलं.

सरांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मी सल्ला देणार नाही. दिला तर जन्मभर ऐकवशील.

कशीही असलीस तरी आमचीच आहेस.
आत्या


नोएडा, ३० जुलै

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

आधी माफी मागते. तुझ्या पायांच्या थंडीला मी उंदरांचे आकडे दिले. एकदा येऊन तुझा हात हातात घेतला असता तरी काहीतरी कळलं असतं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी सरांना सांगितलं की या आकड्यांवर माझं नाव घालू नका. उरलेले नऊ उंदीर सकाळी तपासते, रोज एक तरुण, एक म्हातारा, असे आळीपाळीने. चार दिवस ते माझ्याशी बोललेच नाहीत. सोमवारी सहाला पोचले तर दाराशी त्यांची स्कूटर, आणि पायाशी गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी. म्हणाले, या यंत्राचा आणि बत्तीचा भरवसा नाही, खाली बर्फ असलेला बरा. मग बाह्या सरसावून स्वतःच हृदयाचे तुकडे करायला बसले. नऊही सकाळी ते आले, आणि प्रत्येक सकाळी माझ्यावर खेकसले.

निकाल असा. भट्ट्या स्वस्थ चालत असताना म्हातारे आणि तरुण सारखेच. पूर्ण जोर लावायला सांगितलं की म्हातारे मागे पडतात, पण फक्त पाचवा हिस्सा. निम्मे नाहीत. सरांनी आकडा तीनदा तपासला, टाइप केलेला जुना लेख खणात टाकला आणि खण लावून घेतला. मला फार वाईट वाटलं, आणि तरी हलकंही वाटलं. फेलोशिप तीन महिने वाढवून मिळाली आहे, त्यांनीच खेटे घालून मिळवली.

काल त्यांनी विचारलं, दुपारची गोष्ट तुझ्या डोक्यात आली कुठून? मी तुझं नाव सांगितलं. पहाडगंजच्या शाळेतली विज्ञानाची बाई म्हटल्यावर ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, मग बाहेरच्या परीक्षकांनी झोडपण्याआधी बाईंनीच झोडपलेलं बरं.

सोबत नवा मसुदा आहे. पुढच्या रविवारी घ्यायला येते. लाल पेननं तपास आणि कुणाचीही गय करू नकोस.

मयुरा