चार घडीव दांड्यांची वाटणी

मृत्युपत्र लिहून ठेवणार दत्ताराम गोविंद पांचाळ, धंदा मोटार दुरुस्ती, राहणार गुंदवली, अंधेरी पूर्व. कारणे लिहून ठेवतो की, माझी बुद्धी शाबूत आहे, कान नको तितके शाबूत आहेत, फक्त छाती दगा देऊ लागली आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाखाली करीत नाही. उलट माझ्या दडपणाखाली दोघांना आज इथे बसावे लागले आहे. मला मूलबाळ नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण माझ्या मागे भांडण होईल असे मला कधी वाटले नव्हते. भांडण व्हायला आधी कोणी तरी खरे बोलावे लागते.

इथवरची भाषा बरीचशी माझे वकील श्यामकांत राजाध्यक्ष यांची. पुढची माझी. ते म्हणाले, पांचाळ, मृत्युपत्रात माणूस मालमत्ता वाटतो, राग नाही. मी म्हटलं, माझी निम्मी मालमत्ता तीच आहे, ती कुठे ठेवू?

१. गुंदवलीतलं राहतं घर, मागच्या विहिरीतला वाटा, पोस्टातली शिल्लक आणि घरातली भांडीकुंडी माझी पत्नी सौ. रत्नप्रभा हिची. तिने ती मिळवलेली आहेत. तिच्यावर माझा राग आहे, तो कशाबद्दल ते खाली येईल. पण रागापायी बाईला उघड्यावर टाकणाऱ्यांतला मी नव्हे. पुढचा आंबा तोडू नये. पानं पडतात म्हणून शेजारी कुरकुर करतील, करू देत.

२. ऐरण, भाता आणि वडिलांचे तिन्ही घण गावी माझा चुलतभाऊ धोंडू याला पोचते करावेत. आम्ही जातीचे लोहार. मुंबईला येऊन मी मोटारीत शिरलो तेव्हा गावात हसले होते. धोंडू हसला नव्हता.

३. आता दांडे.

शेडमध्ये मोठ्या खिळ्याला चार कनेक्टिंग रॉड टांगलेले आहेत. मोटारीत पिस्टन खालीवर होतो, त्याची ताकद जो खाली क्रँकपर्यंत, म्हणजे फिरत्या आसापर्यंत, पोचवतो तो हा दांडा. रोजच्या गाडीला साधा दांडा चालून जातो. पण शर्यतीसाठी इंजिन तयार करायचं, कॉम्प्रेशन म्हणजे आतला दाब वाढवायचा, फेरे वाढवायचे, तर सगळा मार याच्यावर. तिथे घडीवच हवा. तापवून, ठोकून घडवलेला दांडा वेळ आली तर वाकतो. साच्यात रस ओतून केलेला ओतीव दांडा वाकत नाही, एकदम तुटतो, आणि तुटला की इंजिनाची कूस फोडून बाहेर येतो.

नंदकिशोर गुप्ते हा पार्ल्याचा. विम्याच्या कचेरीत नोकरी आणि डोक्यात मोटारीचं खूळ. मामाची जुनी एमजी त्याच्याकडे आली आणि ती घेऊन तो माझ्याकडे आला. जुहूच्या धावपट्टीवर तेव्हा शर्यती होत. मला म्हणाला, दत्ता, मला जिंकव. गिऱ्हाईक म्हणून आला आणि जेवायच्या वेळी पाटावर बसू लागला, असा माणूस.

त्याच्यासाठी हे चार मी लढाईनंतर लष्कराने विकायला काढलेल्या डिस्पोजलच्या मालातून निवडले. ढिगात बसून एकेक हातात घेतला. ओतीवाच्या कडेला साच्याची बारीक रेघ असते, घडीवाच्या कडेला जादा लोखंड छाटल्याचा रुंद पट्टा. ही पहिली पारख. दुसरी वजनाची. चारही सारखे हवेत, नाहीतर इंजिन थरथरतं, म्हणून बाजारातल्या माणिक सोनारांचा चांदीची भांडी तोलायचा काटा मागून आणला आणि कानशीने घासून घासून चारही एका तोलाला आणले. माणिकशेठ म्हणाले, एवढी निगुत मुलीच्या बांगड्यांना कोणी करत नाही.

पण पॉलिश केल्यावर कड दिसत नाही आणि वजनाची नक्कल करता येते. खरी पारख तिसरी, आवाजाची. दांडा दोरीला टांगायचा आणि लहान हातोडीने टिचकी मारायची. घडीव असेल, निरोगी असेल, तर तो देवळातल्या घंटेसारखा वाजतो आणि वाजत राहतो. ओतीव असेल, चीर असेल, तर टक् म्हणतो आणि गप्प बसतो. मी प्रत्येक दांडा दोनदा वाजवतो. निवडताना एकदा आणि इंजिनात बसवण्याआधी एकदा. हा माझा नियम अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या मेस्त्रींना ठाऊक होता. माझ्या धाकट्या भावाला तर होताच.

४. मधुकर. आई गेली तेव्हा तो परकराएवढ्या चड्डीत होता. त्याला मी शिकवला, धंद्याला लावला, आणि रत्नप्रभेची धाकटी बहीण वनमाला त्याला करून दिली. एका घरात दोन बहिणी, भांडण नको, असा माझा शहाणा विचार.

त्या वर्षी शर्यत दिवाळीनंतर होती. खंडेनवमीला आम्ही हत्यारं पूजेला मांडली आणि हत्यारांबरोबर हे चार दांडेही मांडले. हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. मी खाली बाजारात आपट्याची पानं आणायला गेलो. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या मुहूर्तावर इंजिन भरायला घेतलं. खालचं काम मधुकरचं, वरचं माझं. बसवण्याआधी वाजवायला म्हणून मी हातोडी उचलली. तेव्हा मधुकर म्हणाला,

"दादा, पूजेतले आहेत. आज घाव घालतोस?"

दसऱ्याला लोखंडावर घाव घालायचा नाही, ही आमच्या लोहाराच्या घरातली रीत. वडिलांनी पाळली, आजोबांनी पाळली. मी हातोडी खाली ठेवली. मला भरून आलं, की धाकट्याला घराची रीत आठवते. तोंडाने शाबास म्हटलं मी त्याला.

शर्यतीत अर्ध्यावर नंदकिशोर पुढे होता. मग दांडा तुटला, इंजिनाची कूस फुटली, तेल चाकाखाली आलं आणि गाडी उलटली. त्याचा डावा पाय गुडघ्यात कायमचा ताठ झाला. जिंकली ती खारच्या एका शेठची गाडी, तसलीच एमजी.

इस्पितळात नंदकिशोरने मला एकच विचारलं, की दांडे वाजवून घेतले होतेस ना? मी म्हटलं, हो, वाजवून निवडले होते. तुटलेल्या दांड्याचा तुकडा त्याच्या उशाशी होता. बाहेरच्या पोरालाही कळलं असतं की तो ओतीव आहे, आत वाळूसारखे दाणे. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. पार्ल्यात, अंधेरीत सगळीकडे झालं की पांचाळाने मित्राला ओतीव माल घातला. गिऱ्हाईक तुटलं. मी वेडा झालो होतो. रोज तेच, की माझा कान चुकला कसा? आपला कान गेला असं समजून मी शर्यतीच्या गाड्यांचं काम सोडलं आणि टॅक्स्यांची ब्रेकं घासत बसलो. मधुकर मात्र त्याच महिन्यात खारच्या शेठच्या गॅरेजचा मुख्य मेस्त्री झाला. मी त्याला पेढे दिले.

५. गेल्या साली एक जुनी गाडी माझ्याकडे इंजिन उघडायला आली. मालक नवा, गाडी मूळची खारच्या त्याच शेठची. खालचं झाकण काढलं आणि माझ्याच कानशीचे घाव मला दिसले. तिसऱ्या दांड्याच्या टोपीवर मी वजनासाठी एक खाच घासली होती, तीसुद्धा. दांडा बाहेर काढला, दोरीला टांगला आणि वाजवला. तो वाजत राहिला. मी शेडमध्ये खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. माझा कान चुकला नव्हता रे देवा. माझेच दांडे त्या दिवशी जुहूला जिंकले होते, आणि माझ्याच नावाची वाट लागली होती.

मालकाला नवे दांडे घालून दिले, हे चार मागून घेतले आणि घरी आणून ओट्यावर ठेवले. मी अजून काही बोललो नव्हतो. रत्नप्रभेने त्यांच्याकडे पाहिलं, पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, मला ठाऊक होतं.

खंडेनवमीला मी बाजारात गेलो तेव्हा तिने पाहिलं. मधुकरने पूजेतले चार उचलले, दुसरे चार मांडले आणि त्यांना स्वतःच्या हाताने हळदकुंकू लावलं. तिने विचारलं तेव्हा म्हणाला, वहिनी, हे जास्त चांगले आहेत, दादाला दसऱ्याला गंमत दाखवायची आहे. तिला तेव्हा ते खरं वाटलं. जुहूनंतर वाटलं नाही. पण तेव्हा वनमालेला दिवस गेले होते, आणि बहिणीच्या संसारात माती कशी घालायची, म्हणून ती गप्प बसली. मी उपाशी उठून जात होतो तेव्हा गप्प, माझ्या कानात तेल घालत होती तेव्हाही गप्प. भावाने गळा कापला त्याचं दुःख आहे. पण ज्या हाताने तेल घातलं त्या हाताला सगळं माहीत होतं, हे मला गिळवत नाही. तेव्हापासून मी तिला जेवायला वाढ म्हणतो, पाणी दे म्हणतो, दुसरं काही विचारत नाही.

६. शेड, लेथ, लिफ्ट आणि गॅरेजचं नाव मी नंदकिशोर गुप्ते याला देतो. त्याने ती चालवावी, भाड्याने द्यावी, विकावी. पायाची भरपाई होत नाही, एवढं मला कळतं. चार दांडेही त्याचेच, ते त्याच्यासाठीच निवडले होते. मधुकरला मी काही देत नाही. मी त्याला जे द्यायचं ते आधीच देऊन बसलो आहे.

७. साक्षीदारांबद्दल. कायद्याने दोन लागतात. पहिला नंदकिशोर; ज्याला मिळणार त्याचीही साक्ष हिंदूंच्या मृत्युपत्राला चालते, हे वकिलांना विचारून घेतलं आहे. दुसऱ्या जागी मधुकरची सही हवी, त्याच्याखेरीज मी कोणाला सांगणार नाही. वकील म्हणाले, तो नाही म्हणाला तर हा कागद रद्दी. मग शेडसकट सगळं वारसाहक्काने रत्नप्रभेला जाईल आणि गुप्त्यांना एक खिळाही मिळणार नाही. मी करतो दुसरी सही, असं ते स्वतःहून म्हणाले. मी नको म्हटलं. ज्याने पाहिलं त्याने सही करावी. माझ्या मित्रासमोर एकदा तरी कोणी तरी म्हणावं की दत्ताराम खोटं बोलला नव्हता. ते होणार नसेल तर रद्दी झालेली बरी.

आज दसरा. मधुकर दर दसऱ्याला सोनं द्यायला येतो, म्हणून आजचा दिवस धरला. नंदकिशोरला वकिलांनी चिठ्ठी पाठवून बोलावलं.

८. (माझ्या हाताने, वाचून झाल्यावर.) श्यामकांतांनी वरचा मजकूर मोठ्याने वाचला. नंदकिशोर काठी मांडीवर आडवी धरून ऐकत होता. वाचून झाल्यावर म्हणाला, "दत्ता, इतकी वर्षं मी तुला शिव्या घातल्या." मी म्हटलं, मीही घातल्या, मलाच. त्याने सही केली.

मधुकरने लेखणी घेतली नाही. आपट्याची पानं कागदावर ठेवली, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "दादा, घरातली गोष्ट परक्यासमोर कशाला?" तो चपला घालून गेला. वकील कागदाची घडी करू लागले.

रत्नप्रभा आतून आली. हात पदराला पुसले आणि म्हणाली, "थांबा. त्या खंडेनवमीला पूजेपाशी भावजींखेरीज मीच होते." वकिलांनी तिला समजावलं, की वहिनी, सही केलीत तर शेड तुमच्या हातून जाईल, आणि धाकट्या बहिणीचं घरही तुटेल. ती म्हणाली, कळतं मला. तिला लिहायची सवय नाही. बराच वेळ लागला. मी लेखणी धरून दिली नाही, दौत फक्त जवळ सरकवली.

मुक्काम अंधेरी, विजयादशमी, शके १८७९, सन १९५७.

लिहून ठेवणार : दत्ताराम गोविंद पांचाळ

साक्षीदार :

१. नंदकिशोर वासुदेव गुप्ते, विलेपार्ले

२. रत्नप्रभा दत्ताराम पांचाळ. मी पाहिलं. दांडे यांनी वाजवूनच घेतले होते.