ओमानला मंजूर आहे

कुडवा, गोंदिया
फेब्रुवारी संपत आला, कुलर अजून माळ्यावर आहे.

प्रिय मित्र विवेक मेश्राम यास खुशाल पटलेचा आधी जय भीम, मग राम राम, आणि त्यानंतर पाठीत एक गुद्दा.

तुझी तब्येत ठीक असेल असं धरून चालतो. गुडघा कसा आहे? तिकडे तू उशिरा भात खातोस आणि मग सोडा पीत बसतोस, हे मला मस्कतहून कळलेलं आहे (कोणाकडून ते पुढे येईल). इकडे आई बरी आहे, म्हणजे दिवसभर बोलते. शेजारी तुझ्या घरी अल्कावहिनींच्या शिलाई मशीनवर लग्नसराईच्या ब्लाउजांचा ढीग पडला आहे, त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं तर आधी ब्लाउज बाजूला करावे लागतात. माझी साखर थोडी वाढली आहे, पण ती कोणाची वाढत नाही? 'इकडे सर्व खुशाल' असं लिहायची मला शाळेपासून चोरी आहे, कारण गुरुजी ते वाक्य फळ्यावर लिहायचे आणि सगळा वर्ग माझ्याकडे पाहून हसायचा. त्यात सगळ्यात मोठ्यानं तू.

आता तू म्हणशील, काऊन बे, फोन असताना पत्र कायले? तर फोनवर तू बोलतोस कुठे? 'कधी येतोस' म्हटलं की तुझं नेटवर्क जातं आणि 'यंदा धानाला भाव काय' म्हटलं की लगेच परत येतं. शिवाय फोन लावला की एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला नीतू, मागे माझी आई. अशा बैठकीत मनातलं बोलता येत नाही. म्हणून तुमच्या कंपनीतला सालेकशाचा सुकराम बुधवारी परत निघतो आहे, त्याच्या बॅगेत हे घालून देतो. या पत्रात विषय एकच आहे: तुझी पोरगी नागपूरला तोंड उघडणार की नाही, आणि उघडलं तर काय बोलणार.

झालं असं की आमच्या प्राचार्यांच्या हाती एक परिपत्रक लागलं. नागपूरला मार्चच्या शेवटच्या रविवारी विद्यार्थ्यांची नकली अरब परिषद आहे. एकेका कॉलेजला एकेक अरब देश मिळतो, पोरं त्या देशाचे राजदूत होतात, दिवसभर भांडतात, ठराव करतात, ढाल घेऊन घरी येतात. प्राचार्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले की पटलेसर, तुमचा मित्र दुबईला आहे, म्हणजे हा विषय तुमचाच. मी म्हटलं, साहेब, तो मस्कतला आहे. ते म्हणाले, तेच ते. (गोंदियात समुद्र ओलांडलेला प्रत्येक माणूस दुबईलाच असतो, तू मेलास तरी दुबईलाच मरशील.) मग मीही अक्कल चालवली आणि ओमान मागून घेतला. म्हटलं, आपला घरचा माणूस तिथं आहे, माहितीला काय तोटा! तुला मी मोठ्या आशेनं विचारलं, ओमानचं परराष्ट्र धोरण काय आहे? तुझं उत्तर आलं: "कोणाशी भांडत नाही. एसी बिघडला तर भांडतात." लेका, एवढी वर्षं तिथं एसी दुरुस्त करून तुला एवढंच दिसलं! पण गंमत पाहा, वाचनालयातली जाडजूड पुस्तकं चाळली तर पहिल्या अर्ध्याबाबत ती तुझ्याशी सहमत निघाली. आमच्या निवेदनाचं पहिलं वाक्य तुझंच आहे. एसीचा भाग मी गाळला.

पथकाची प्रमुख तुझी नीतू. यात माझा वशिला नाही, लेखी परीक्षेत तीच पहिली आली. पण तुला तिचा आवाज माहीत आहे. एवढी हळू बोलते की समोरच्यानं ओठ वाचून घ्यावे. तिच्या मदतीला टिंकू, ज्याला माहिती काही नसते पण आवाज मिलच्या भोंग्याएवढा आहे, आणि कटऱ्यांचा ओमेश, जो शहाणा आहे पण प्रत्येक वाक्य 'वैसे देखा जाए तो' पासून सुरू करतो. कॉलेजात परीक्षा चालू असल्यानं सराव आमच्या घरी, पुढच्या खोलीत. पहिल्या दिवशी पोरं डोक्याला आणि तोंडाला पांढरे दुपट्टे गुंडाळून गाडीवरून उतरली. ऊन लागू नये म्हणून आपल्याकडे सगळेच बांधतात, पण प्राचार्य नेमके तेव्हाच डोकावले आणि म्हणाले, वा पटलेसर, पोशाखाची तयारी जोरात! त्या देशाचा वेष करायचा नाही, साधे ऑफिसचे कपडे घालायचे, हे परिपत्रकात ठळक लिहिलेलं मी त्यांना दाखवलं. त्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, तरी एखादी टोपी मागवून ठेवा.

सभेला अध्यक्ष हवा. मी बसलो तर पोरं घाबरतात, म्हणून आईला बसवलं. आमची शकुंतलाबाई एका बैठकीत अध्यक्षपदाला चिकटली. हातोडा नव्हता तर तिनं स्वयंपाकघरातला पोहे परतायचा सराटा आणला आणि जो बिनपरवानगी बोलेल त्याच्यासमोर तो ताटावर आपटू लागली. नियम तिनं स्वतःचे केले. ज्यानं पोहे संपवले नाहीत त्याला भाषणाची परवानगी नाही. टिंकूला इजिप्तच्या वतीनं बोलायचं होतं, पण त्यानं कांदा वेचून ताटात ठेवला होता, म्हणून इजिप्तला बराच वेळ गप्प बसावं लागलं. (सरावापुरते बाकीचे देश आम्हीच होतो: टिंकू इजिप्त, ओमेश मोरोक्को आणि बाकीचा वर्ग जमेल तसा वाटून घेतलेला.)

आणि मग आली खरी पंचाईत. इजिप्तनं ठराव मांडला, मोरोक्कोनं त्याला कडाडून विरोध करायचा होता. मी ओमेशला आदल्या दिवशी सगळं पढवून ठेवलं होतं. वेळ आली, ओमेश उभा राहिला, टिंकूकडे पाहिलं आणि खाली मान घालून म्हणाला, "वैसे देखा जाए तो, सर, आमची ताई त्यांच्या घरी दिली आहे." मी कपाळावर हात मारला. टिंकूच्या मोठ्या भावाला ओमेशची बहीण दिलेली, म्हणजे टिंकू वरपक्षाचा! चार लोकांत सोयऱ्याच्या विरोधात हात कसा वर करणार? मी संतापून म्हटलं की अरे, तू आता कटरे नाहीस, तू मोरोक्को आहेस! तर अध्यक्षांनी माझ्यावरच सराटा आपटला. पोराचं बरोबर आहे, म्हणाली, उद्या ताईले सासरी ऐकून घ्यावं लागलं तर मोरोक्को येनार हाय का? पुढे विचारत गेलो तर सुदान हा ट्युनिशियाचा मामेभाऊ निघाला आणि जॉर्डनच्या घरी कुवेतच्या बहिणीची बोलणी चालू होती. अख्खी अरब परिषद एका मांडवात बसलेली, भांडणार कोण? मी पोरांना चिडून सांगितलं की तुम्हाला राजदूत नाही, वऱ्हाडी व्हायचं आहे. त्यांनी ते कौतुक समजून घेतलं. शेवटी देशांची अदलाबदल करून ज्याचं ज्याच्याशी काही नातं नाही अशी माणसं समोरासमोर आणायला मला पूर्ण संध्याकाळ लागली. सीमा आखणं सोपं नसतं, विवेक.

आता नीतू. परिषदेचा मुख्य विषय आयोजकांनी ठरवला आहे, मी नाही, हे आधी लक्षात घे. विषय आहे परदेशी कामगारांची घरी जायची सुट्टी. ठराव असा की बाहेरून आलेल्या प्रत्येक कामगाराला वर्षातून एकदा घरी जाऊ द्यावं. आणि आयोजकांच्या कागदाप्रमाणे आमच्या ओमाननं म्हणायचं की असले ठराव नकोत, ज्या त्या देशानं आपलं आपण ठरवावं. म्हणजे त्या ठरावाला विरोध करायचा तो नीतूनं! तू चार वर्षं घरी आलेला नाहीस आणि तुझ्या पोरीनं भरसभेत उभं राहून सुट्टी नको म्हणायचं. मी वहिनींना म्हटलं, टिंकूला देतो हे भाषण. नीतू म्हणाली, नाही सर, प्रमुख मी आहे. मी भाषण लिहून दिलं. तिनं ते पाठ केलं. अल्कावहिनी सांगत होत्या की भांडी घासताना पुटपुटते, पण शेवटच्या वाक्यावर नळ मोठा सोडते.

परवा सराव होता. नीतू उभी राहिली, पहिलं वाक्य नीट बोलली आणि थांबली. आईनं सराटा उचलला आणि तसाच धरून ठेवला. मग तुझी पोरगी, जिचा आवाज मी आजवर धड ऐकला नव्हता, ती अशी बोलली की वहिनींची मशीन शेजारी थांबली. "ओमानला मंजूर आहे." एवढंच. आईनं ताटावर सराटा असा हाणला की पोहे उडाले, आणि जाहीर केलं, "झालं! पोरीनं हो म्हनलन!" ठराव पास.

मी मास्तर माणूस. मी खवळलो. म्हटलं, नीतू, इथं तू मेश्राम नाहीस, तू ओमान आहेस, देशाची भूमिका सोडली की गुण जातात, ढाल जाते. तर ती म्हणाली, सर, देशानं आपलं आपण ठरवावं हीच भूमिका ना? मग ओमाननं ठरवलं. आणि वर शांतपणे म्हणाली, ज्यांनी आमच्या घरातली हवा थंड ठेवली त्यांना त्यांच्या घरी पाठवायला आम्हाला कोणी सांगावं लागत नाही. मला भरून आलं, विवेक. फळा पुसायला वळलो, तर घरात फळा कुठला, उगाच फ्रिज पुसला. नंतर नियमावली उघडून पाहिली. तिचं म्हणणं नियमात बसतं. गुण कापले तर कापोत, भाषण तीच करणार आणि असंच करणार. टिंकूनं लगेच तिला जोरात बोलायचं शिक्षण द्यायला घेतलं आहे, त्यामुळे कुडव्यातले कुत्रे आता संध्याकाळी आमच्या गल्लीत येत नाहीत.

तर असा सगळा मजकूर आहे. तुझ्याकडून एवढंच हवं की प्राचार्यांच्या कपाटात ठेवायला एक ओमानी टोपी पाठव. तू स्वतः यायची काही गरज नाही. कार्यक्रम सगळा इंग्रजीत आहे, तुला कंटाळा येईल, आणि पालकांच्या जेवणाची सोय नाही. तब्येतीला जप, सोडा कमी पी.

तुझा,
शाळेतल्या बाकावर तुझ्या डावीकडचा,
खुशाल

ता. क. : पालकांच्या जेवणाची सोय आहे. वांग्याची भाजी, पोळी आणि जिलेबी असं ऐकतो. वर मी खोटं लिहिलं.

ता. क. दुसरा : सुकराम काल घरी येऊन गेला. कचारगडच्या यात्रेला आला होता, तुझ्या सोड्याची बातमीही त्याचीच. चहा पिता पिता भोळेपणानं बोलून गेला की सुट्टीची ही पाळी मेश्रामदादांची होती, त्यांनी मला दिली म्हणून यात्रा घडली. त्याच्या आधीची कोण्या केरळच्या पोराला लग्नासाठी, त्याच्या आधीची कोणाच्या तरी आजारी आईसाठी. म्हणजे तुला कोणी अडवत नाही! ओमान बिचारा दरवर्षी सुट्टी देतो आणि तू ती प्रसादासारखी वाटून टाकतोस. मी हे घरात कोणाला सांगितलं नाही, सुकरामलाही दम दिला आहे. पण मला ठाऊक आहे काऊन. मागच्या खेपेला परत जाताना स्टेशनवर तू म्हणाला होतास, "पोरगी मले पाव्हण्यावानी ट्रेमध्ये चहा देते बे." तेवढं तुझ्या मनात रुतून बसलं. अरे बैला, ती तेव्हा सोळा वर्षांची होती, त्या वयात पोरी बापाशी कशा वागतात हे त्यांचं त्यांना कळत नाही. तो ट्रे तिनं तुझ्यासाठी बाजारातून नवा आणला होता. तू गेल्यावर धुऊन ठेवला, अजून कोणा पाव्हण्याला त्यात चहा मिळालेला नाही. मलाही नाही.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फाडलं. आज सराव संपला, पोरं गेली, नीतू गाडीची किल्ली हातात घेऊन दारात थांबली. हसत हसत विचारलं की सर, नागपूरला हा ठराव पास झाला तर तो तिकडे खरंच लागू होतो का? पोरगी राज्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला काय माहीत नाही? हसत विचारलं, पण उत्तर घेतल्याशिवाय उंबरा सोडेना. मी आयुष्यभर पोरांना सार्वभौमत्व शिकवत आलो आहे. मी म्हटलं, होतो. आता, लेका, मला खोटा पाडू नको.