नाव साच्यावर, काम मैदानावर

९ फेब्रुवारी, रविवार
चार विकेट! वुडलँड्सच्या डॉर्मवाल्यांना झोपवलं. आता फायनल! निशिकांत साहेब मैदानातच ओरडले — प्रताप, हात कसा आहे? भेटले की आधी हेच विचारतात. शिपयार्डच्या अकाउंट्समधला एवढा मोठा माणूस, पण मॅच म्हटली की पोर होतो. त्यांनीच मला आणलं. सोलापुरात माझी बोलिंग बघून म्हणाले होते, सिंगापूरला येतोस? परमिटवर लिहिलंय हेल्पर. सगळ्या यार्डला माहितीय, मी बोलर.

१० फेब्रुवारी
फोरमन टॅनने हातातला पाइप काढून घेतला. "यू डोन्ट कॅरी, लाह! आर्म स्पॉइल!" मग दिवसभर स्टोअरमध्ये बसून. माझ्याबरोबर आलेली पोरं वेल्डर झाली. मला अजून वेल्डिंगची टॉर्च धरता येत नाही. खोलीतला उद्धवदादा म्हणतो, "ते तुझा हात सांभाळतात रे. तुला नाही."
जळतो मेला.

१४ फेब्रुवारी
गोदी रिकामी. मागचं जहाज गेलं, नवीन आलंच नाही. तळाला पाणी साचलंय आणि त्यात एक बगळा उभा! ओव्हरटाइम बंद. फायनलला नव्या जर्सी येणार होत्या. साहेब म्हणाले, जुन्याच घाला, लकी आहेत.
हसले, पण नेहमीसारखं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
आबांना फोन केला. फायनलचं सांगितलं तर म्हाताऱ्या बापाने खूश व्हायचं सोडून भलतंच विचारलं. म्हणाले, "नव्या जर्सी दिल्या का?"
आबाही असेच. गिरण्यांच्या आपापल्या टीमा होत्या तेव्हा. बोलर पाहिजे म्हणून गिरणीने उचललं. नाव साच्यावर, काम मैदानावर! बाकीचे साच्यावर कापड विणायचे, हे नेटमध्ये. "आधी जर्सी बंद झाल्या," म्हणाले. "मग एक दिवस साहेबाने किटची पेटी उघडली, घ्या म्हणाला. मला स्टम्प मिळाले. मी पेढे वाटले रे! आठवड्यात गेटला टाळं."
बाकीचे पॉवरलूमवर लागले. आबांना साचा चालवताच येत नव्हता. टॉकीजच्या दारात वॉचमन झाले. ते स्टम्प अजून आहेत घरी — घेवड्याच्या वेलाला टेकू.
मी म्हटलं, आबा, हे सिंगापूर आहे.

२० फेब्रुवारी
उद्धवदादाने न विचारता माझं नाव वेल्डिंगच्या कोर्सला घातलं! म्हणतो, सर्टिफिकेट असलं की दुसरं यार्डही घेतं. पहिला दिवस दोन मार्च. आला नाहीस तर नाव कट.
दोन मार्चला फायनल आहे.

२१ फेब्रुवारी
साहेबांना विचारलं. "अरे, कोर्स काय, पुढच्या महिन्यातही असतो. फायनल परत येते का?" खांद्यावर हात ठेवला. "तुझ्याशिवाय टीमच नाही."
मी विचारलं, साहेब, यार्डचं सगळं ठीक आहे ना?
"तू बोलिंग बघ. हात कसा आहे?"

१ मार्च
उद्धवदादाने सेफ्टी बूट पुसून माझ्या कॉटखाली ठेवलेत. "सकाळी सातला गेटवर थांबतो," म्हणाला. मी स्पाइक्स पुसत होतो. त्याने बघितलं.
कसंतरी होतंय. पण माझ्याशिवाय टीमच नाही!

२ मार्च, रविवार
जिंकलो!!! शेवटच्या ओव्हरला दांडी उडवली. पोरांनी खांद्यावर घेतलं. टॅन नाचला! साहेब फोनवर बोलत लांब उभे होते.
दादा सातला गेटवर थांबला होता म्हणे. बराच वेळ.

४ मार्च
जेवणाच्या सुट्टीत साहेबांनी किटची पेटी उघडली. "घ्या रे, वाटून घ्या. तुमचीच आहे." पोरांची झुंबड! बॅट, पॅड, ग्लोव्हज — मिळेल ते. टॅन म्हणाला, "सो गुड बॉस, लाह!"
मी मागेच उभा होतो. साहेबांनी उरलेले स्टम्प आणून माझ्या हातात दिले.
हात कसा आहे, ते आज विचारलं नाही.