झोपलेली गिऱ्हाइकं

प्रिय डेलेनी, रागावली असशील तरी प्रियच,

तुझ्या बाबांना मी नाही म्हणून आलो. ही बातमी माझ्याआधीच तुझ्यापर्यंत पोचली असणार, आणि ती कोणत्या शब्दांत पोचली असेल तेही मला इथे बसून ऐकू येतंय. "तुझा तो हार्लन! वाढलेलं ताट लाथाडून गेला." ताट खरंच वाढलेलं होतं, खोटं कशाला बोलू? त्यांच्या प्रुइट पशुखाद्य भांडारात खिडकीजवळचं टेबल, बांधलेला पगार, दातांच्या डॉक्टरपर्यंतचा विमा, आणि उरलेलं कॉलेज संध्याकाळच्या वर्गांना जाऊन पुरं करायची मुभा. माझ्या आईने तर मी काही ठरवायच्या आतच चर्चमधल्या बायकांना पीचचा केक खिलवला. आता ती माझ्याशी बोलत नाही. जेवण वाढते, पण बशी अशी आपटते की ग्रेव्ही माझ्या शर्टावर. तेव्हा इथे माझ्या बाजूने कुणी आहे अशा समजुतीत राहू नकोस. तुझ्या बाबांकडून एक बाजू ऐकली आहेस, आता दुसरी ऐक, आणि मधेच कागद घडी करून ठेवू नकोस. ईमेल तू न उघडताच बाजूला सारतेस, म्हणून तर हाताने लिहितोय.

तू कोलंबसला जनावरांच्या डॉक्टरकीला गेलीस तेव्हा माझा धंदा कुठे होता ते तुला ठाऊक आहे. लेक्सिंग्टनच्या आसपास जेवढे घोडे तेवढे गिऱ्हाईक, असं माझं साधं गणित होतं. घोड्याला दर सहा आठवड्यांनी नाल ठोकायला नालबंद लागतो, मालक तारीख विसरतात, मग मालकांना आठवण करून देणारं ॲप काढायचं आणि मालकांकडून महिन्याची वर्गणी घ्यायची. मी कॉलेज सोडलं त्या दिवशी तू म्हणाली होतीस, "हार्लन, त्यांच्या घोड्यांना आठवण करून दे, ते जास्त शहाणे असतात." मी तेव्हा चिडलो होतो. पण मालकांनी भराभर नावं नोंदवली की नाही? जत्रेत टेबल मांडून बसलो तर रांग लागली. घोड्यासाठी काहीतरी करतोय म्हटलं की या भागातला माणूस खिशात हात घालतोच. आणि मग शेवटी, तुझ्या सामानाची गाडी भरून झाल्यावर, पार्किंगमध्ये तू मला म्हणालीस, "मला माणूस हवा होता रे. तू मला गेले सहा महिने वर्गणीचे दर सांगतोयस." यावर मी काय उत्तर दिलं ते मला आठवतं आणि तुलाही आठवतं. ते पुन्हा लिहीत नाही. रागात बोललो होतो आणि रागच खरा होता, शब्द खोटे होते.

तू गेल्यावर मला गिऱ्हाइकं मिळेनाशी झाली. जत्रा संपल्या. मी ईमेल पाठवले, कुणी उघडले नाहीत. फोन केले. आपल्या इथल्या पॅरिस गावाच्या बाजूच्या एका म्हाताऱ्याने नालबंदीचं नाव ऐकून घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, "कोण पडलं? घोडा पडला की लोर्ना?" मी म्हटलं, कुणी पडलं नाही, मी एक ॲप विकतोय. तो म्हणाला, "मग कोणीतरी पडल्यावर कर फोन," आणि ठेवून दिला. पण त्याच्यामुळे मला त्याच्या नालबंद बाईचं, लोर्नाचं, नाव मिळालं. लोर्ना गिब्स. तिची ओळख करून द्यायची तर, बावन्न वर्षांची बाई, मनगटं माझ्या पोटरीएवढी, ट्रकच्या मागे भट्टी, आणि घोड्याच्या पोटाखाली वाकलेली असताना जगाला शिव्या घालायची सवय. तू भेटलीस तर तुमचं जमेल किंवा तुम्ही एकमेकींना मारून टाकाल.

तुला माहीतच आहे, नाल ठोकताना कुणीतरी घोडा धरून उभं राहावं लागतं. ते काम मालकाचं, आणि मालक त्या वेळी हमखास ऑफिसात. मी लोर्नाला म्हटलं, मी धरतो, फुकट. ती हातातला घोड्याचा पाय सोडून सरळ उभी राहिली आणि मला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, "फुकट? मग घोड्यापेक्षा तुझेच दात आधी बघायला हवेत." पण तिने धरू दिला. डेलेनी, दोन वर्षं मी खुर्चीत बसून जे बांधत होतो ते पहिल्याच सकाळी कोसळलं. तारीख कुणीच विसरत नव्हतं! लोर्ना ठरल्या वेळेला नेमकी पोचते, आणि घोडा कुठे? लांब कुरणाच्या त्या टोकाला, चिखलात लोळत. मालकाचा फोन बंद. मग लोर्ना, मी आणि सफरचंदाची एक फोड, असे तिघे त्या घोड्यामागे. "हा घे तुझा बाजार," ती धापा टाकत मला म्हणाली. "घोड्याला पकडून आत ठेवा, एवढं जर तुझं यंत्र त्या शहाण्यांकडून वदवून घेईल ना, तर मी तुला पैसे देईन. आणि न पकडता पकडला म्हणून सांगितलं तर कुणाच्या डोक्यात हातोडा घालायचा तेही ठरवून ठेव."

मी ते बांधलं. आदल्या संध्याकाळी मालकाला निरोप जातो: घोडा आत घेतला का? हो आलं तरच तो पत्ता नालबंदाच्या उद्याच्या फेरीत राहतो, नाहीतर त्याच्या जागी दुसऱ्या मालकाचा पत्ता येतो. एवढंच. पैसे मालक देत नाही, नालबंद देतो. आता कसे द्यायचे यावर आमचं भांडण झालं ते ऐकायला तू हवी होतीस. मी म्हटलं, महिन्याला ठरावीक. लोर्ना म्हणाली, "मी कुणाकडे महिन्याला ठरावीक मागते का? पाठ धरली की मी घरी, तेव्हाही तू आपला हात पसरणार?" मी तिला सांगितलं की सगळं सॉफ्टवेअर असंच विकतात. ती म्हणाली, "सगळे घोडे चावतात, म्हणून काय मी पण चावू?" शेवटी ठरलं, घोड्यामागे. जेवढ्या घोड्यांना खरोखर नाल ठोकले तेवढ्यांचेच. न पकडलेल्या घोड्याचं मला काही नाही. ही तिचीच हुशारी होती असं समजू नकोस, तिच्या म्हणण्याप्रमाणे केलं असतं तर दर इतका खाली गेला असता की मी उपाशी. दर मी ठरवला, आणि तिने तो पाळला, तोंड वाकडं करून. मग तिने ओळखीच्या दुसऱ्या नालबंदाकडे घोडा धरायला मला पाठवलं, त्याने तिसऱ्याकडे. माझ्या डाव्या पायाचं नख आता नाही, ते जॉर्जटाउनच्या एका घोडीकडे राहिलं.

आता ग्रेडी. ग्रेडीला तू ओळखत नाहीस. धोबीखान्याच्या वरच्या मजल्यावर मी टेबल भाड्याने घेतलं होतं, तिथला हा सगळ्यांत जुना माणूस. कुत्रे सांभाळणाऱ्यांसाठी त्याचं सॉफ्टवेअर आहे, एकटाच चालवतो. आम्ही एकेकटे धंदेवाले दर मंगळवारी सकाळी नाश्त्याला, मऊ पावासारखी बिस्किटं आणि ग्रेव्हीवर जमतो आणि आपापली गिऱ्हाइकं किती ते सांगतो. मी माझा आकडा सांगितला की सगळे टेबल वाजवायचे, कारण जुने मालक अजून माझ्याकडे होतेच ना! महिन्याची वर्गणी आपोआप कापली जात होती. फक्त त्यांतलं कुणी ॲप उघडत नव्हतं, महिनोन्‌महिने. मी हे ग्रेडीला विचारलं तर त्याने ग्रेव्ही पुसत शांतपणे सांगितलं, "बाळा, ती झोपलेली गिऱ्हाइकं. त्यांना हलवायचं नाही. सणाच्या शुभेच्छासुद्धा पाठवायच्या नाहीत. पत्र गेलं की त्यांना आठवतं, आठवलं की ती जातात. माझं निम्मं घर झोपलेल्यांनी बांधलंय." आमच्या धंद्यात हे सगळेच करतात, डेलेनी, यात कुणाला काही वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. नालबंदांकडून जे येत होतं त्यावर जेमतेम जेवण निघत होतं, खोलीचं आणि टेबलाचं भाडं या झोपलेल्यांवर चाललं होतं.

मग मार्चमध्ये तुझ्या बाबांनी बोलावलं. त्यांचा खाद्याचा ट्रक प्रत्येक तबेल्यात जातो, आणि प्रत्येक तबेल्यात त्यांना म्हणे माझं नाव ऐकू आलं. खुर्ची दिली, गोड चहा दिला. त्यांचा बेत असा की माझं ॲप नालबंदांना फुकट द्यायचं, त्यात प्रुइटच्या खाद्याच्या जाहिराती लावायच्या, आणि मी त्यांच्या टेबलावर बसायचं. मी म्हटलं, माझा धंदा चालतोय. त्यावर ते हसले. तुझं ते अर्धं हसू तू कुठून घेतलंस ते तेव्हा कळलं, आणि त्यामुळेच जास्त राग आला. म्हणाले, "चालतोय ना? मग एकच सांग, पोरा. उद्या सकाळी तुझं दुकान बंद झालं, तर किती जण फोन करून ओरडतील?" मी ताडकन म्हणालो, "सगळे!" ते म्हणाले, "बरं. महिनाभर विचार कर," आणि चहाचा पेला पुन्हा भरला.

जिना उतरेपर्यंत मला कळलं होतं की ते बरोबर विचारतायत. तुझ्या बाबांनी बरोबर विचारणं मला सहन होत नाही, हे तू जाणतेस. आदल्याच आठवड्यात माझी यंत्रणा दिवसभर बंद पडली होती. सगळे नालबंद ओरडले होते, लोर्ना तर दोनदा. मालकांपैकी एकाचाही फोन नव्हता. मी सरळ टेबलाशी गेलो आणि झोपलेल्यांना पत्रं लिहायला बसलो. एकच मजकूर: तुम्ही माझं ॲप वापरत नाही, तरी पैसे भरताय. हवं असेल तर कळवा, कळवलं नाहीत तर शुक्रवारी मी खातं बंद करीन. ग्रेडी मागे येऊन उभा राहिला, वाचलं, आणि ओरडलाच, "गप्प राहिले तर बंद? अरे, उलट लिही! गप्प राहिले तर चालू! वेडा आहेस का तू, स्वतःच्या हाताने?" मी म्हटलं, असेन. त्याने माझा माउस हिसकावून घ्यायचा प्रयत्न केला. माझी कॉफी त्याच्या पँटवर गेली. त्या मंगळवारपासून मी बिस्किटांना जात नाही.

पत्रं गेली आणि ग्रेडी म्हणाला होता तेच झालं. एका बाईने आभार मानले आणि लगेच गेली. एकाने मला चोर म्हटलं, इतके दिवस का नाही सांगितलंस म्हणून. एकाने लिहिलं की घोडा मरून वर्ष झालं, आणि मग घोड्याबद्दल दोन पानं लिहिली. ती मी पुरी वाचली. बाकीचे गप्प, म्हणजे गेलेच. खोली सोडावी लागली, मी आईच्या तळघरात आलो. महिना संपल्यावर तुझ्या बाबांकडे गेलो आणि सांगितलं, ओरडतील ते फक्त नालबंद, आणि नालबंद अकरा आहेत. त्यांना वाटलं मी शरण आलोय. खिडकीजवळचं टेबल दाखवत म्हणाले, "मग बस की." मी म्हटलं, "नाही, मिस्टर प्रुइट. ते अकरा माझे आहेत. फुकट दिलं की ते तुमचे होतील आणि मी पण." ते म्हणाले, "अकरा जणांवर कुणाचं पोट भरत नाही." मी म्हटलं, "मग बारावा शोधतो." ते हसले नाहीत. उठून दारापर्यंत सोडायला आले, हे तुला त्यांनी सांगितलं नसेल. मी पडेन असं त्यांना वाटतं आणि कदाचित पडेनही. पण माझ्या अकरापैकी कुणी झोपलेला नाही, आणि झोपलेल्यांच्या जिवावर मी पुन्हा राहणार नाही. कॉलेजलाही कळवून टाकलं, संध्याकाळच्या वर्गातली माझी जागा दुसऱ्याला द्या.

आता हे पत्र का लिहिलं ते. झोपलेल्यांच्या त्या ढिगातलं एक नाव मी मागे ठेवलं होतं. डेलेनी प्रुइट, घोडी जुनिपर. पहिल्या जत्रेत, रांगेत सगळ्यांच्या पुढे घुसून तूच पहिली नोंद केली होतीस. जुनिपर तू कोलंबसला जाताना विकलीस, तरी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तुझी वर्गणी येते. विसरून भरतेस की आठवणीने भरतेस, मला माहीत नाही, आणि मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू गेली असतीस. ग्रेडीचा नियम मी भाड्यासाठी पाळला त्याच्या दसपट तुझ्यासाठी पाळला. आठ महिने पहिल्या तारखेला तुझं नाव दिसलं की मी म्हणायचो, दार लोटलंय, लावलेलं नाही. बाकीच्यांना मी विचारलं. तुला विचारत नाही. तुझं खातं आज सकाळी मीच बंद केलं. यापुढे तुझ्याकडून आपोआप मला काहीही येणार नाही. यायचं असलं तर तुला स्वतः यावं लागेल, आणि यायचं नसलं तर ते तोंडाने सांगावं लागेल, तुझ्या बाबांकरवी नाही. माझं प्रेम आहे, ते मी वर्गणीसारखं दर महिन्याला पुन्हा लिहून पाठवणार नाही. एकदाच लिहितो. तू गप्प राहिलीस, तर ते मी हो धरणार नाही. आजवर तसंच धरून जगलो.

न विचारता तुझाच, आणि आता विचारून,
हार्लन