पिवळ्या पट्टीच्या आत

७ मे २०१९
सगळं मुसळ केरात! महिनाभर घोकून घेतलेली तालीम चहा यायच्या आत बोंबलली.
साथ असलेल्या देशातून आजारी प्रवासी आपल्या विमानतळावर उतरला तर काय करायचं, एवढंच दाखवायचं होतं. प्रवासी झाला होता आमचा लोडर कारभारी. त्याला पिवळ्या पट्टीच्या आत खुर्चीवर बसवायचं आणि डॉक्टर येईपर्यंत पट्टी कुणी ओलांडायची नाही. सोपं!
कारभारी असा खोकला, की मलाच घाम फुटला. आणि सफाईच्या चतुराबाई झाडू टाकून थेट आत! पाठीवर हात, तोंडाला स्वतःची बाटली. "घे रे लेकरा, दोन घोट घे." मागोमाग ट्रॉलीवाले, काउंटरच्या पोरी — सगळे आपापलं पाणी घेऊन. भर दुष्काळात!
मॅनेजर विश्वजित सर म्हणाले, "नीरजा, एका प्रवाशानं तुझा अख्खा स्टाफ आजारी पाडला." चोवीसला दिल्लीहून तपासनीस येणार. तेव्हाही असंच झालं तर माझी सुपरवायझरकी गेलीच.

८ मे
चतुराबाईंना झापलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "खोकणाऱ्याला पाणी नाय द्यायचं? ही कंची रीत, म्याडम?"
म्हटलं, रीत नाही, नियम आहे. उत्तरावर स्वतःच खूश झाले.

१२ मे
बीड बायपासच्या आमच्या नव्याकोऱ्या सोसायटीत लिफ्ट दोन, जिम एक, पाणी शून्य! टँकर आलाच नाही. तांब्याभर पाण्यात अंघोळ उरकली. चतुराबाईंकडे तर आठवड्यानं नळ येतो म्हणे. आणि ही बाई भरलेली बाटली दुसऱ्याच्या तोंडाला लावते! धड रागावताही येईना.

२४ मे
पास! पास! पास!
कारभारी खोकून खोकून लाल झाला, पण एकही जण हलला नाही. मी सगळ्यांना हात खिशात घालायला लावले होते. चतुराबाईंना खिसा नाही, त्यांनी पदर मुठीत धरला. तपासनीस खूश, सरांनी पेढे मागवले.
कारभारी तेवढा फुगून बसला. "लई खोकलो म्याडम. कुणी पाणी बी इचारलं नाय. खरंच एकटा पडल्यावानी वाटलं." आम्ही हसून हसून बेजार. चतुराबाई हसल्या नाहीत.

२५ मे
पेढा काही पचला नाही. सरांना विचारलं, नियमात पाण्याची एक ओळ घालू या का? "पास झालोय ना? मग हात लावू नकोस!" नाही लावला.

१४ मार्च २०२०
उद्या दिल्ली! या नव्या साथीसाठी सगळ्या विमानतळांचं प्रशिक्षण आहे, आणि पट्टीचा पाठ मी देणार. नवी साडी काढली. चतुराबाई म्हणाल्या, "जपून ऱ्हावा."

१८ मार्च
दिल्लीहून परतले, विमानातून उतरताना मलाच खोकला. अंगात ताप. कारभारीनं मान खाली घालून बोट दाखवलं — पिवळी पट्टी, तीच खुर्ची. आधी हसू आलं, मग रडूच फुटलं. माझी सगळी माणसं लांब उभी, हात खिशात. मीच शिकवलेलं!
तेवढ्यात चतुराबाई आल्या. पट्टीपाशी थांबल्या. पाण्याची बाटली फरशीवर ठेवली आणि पोछ्याच्या दांड्यानं हळूच माझ्यापर्यंत सरकवली.
"प्या म्याडम. पट्टी वलांडली नाय मी."