पसाऱ्याचा तक्ता झाला त्याची हकीकत

तीर्थस्वरूप जाऊबाईंना धाकटीचा वाकून नमस्कार.

आपल्या लाँड्रीत या आठवड्यात काय काय आलं ते आधी सांगते. संगणक एक, जुना, घासाघीस करून एकोणीस हजारांना. त्याच्यावर प्रिंटर फुकट (शाई मात्र सोन्याच्या भावाने). आणि डेटाचं काम शिकलेली धाकट्या वन्संची लेक, घरचीच म्हणून बिनपगारी (तासातासाला लागणारी कॉफी धरली तर बिनपगारी म्हणवत नाही). तुमचे गुडघे कसे आहेत? देव तुम्हां दोघांना सुखात ठेवो, असं मी रोज हात जोडून मागते. (हे खरं आहे. पुढचं वाचताना लक्षात असू द्या.) भावोजी अर्धे मालक, म्हणून दुकानाचा छापील अहवाल त्यांच्या नावे टपालाने निघाला आहे, आणि आलेलं टपाल तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवायची त्यांची सवय मला ठाऊक आहे. त्याच्याआधी हे पत्र तुमच्या हाती पडावं म्हणून मी जादा तिकिटं लावली आहेत. मी! यावरून माझी अवस्था ओळखा.

झालं असं, की भाचीने पहिल्याच दिवशी तीन ढीग करायला घेतले. मला वाटलं कपड्यांचे, तर नाही, माहितीचे. गिऱ्हाइकाचं नाव, तारीख, नग, रक्कम, असं रकान्यांत मुकाट बसतं ते संरचित. कपड्याला टाचलेली चिठ्ठी अर्धसंरचित, कारण नंबर आणि तारीख ठरल्या जागी असते, पण खाली शेऱ्यात इस्त्रीवाले काका मनाला येईल ते लिहितात (परवा लिहिलं होतं, "कॉलरवर डाग, शाई की पाप कळत नाही"). आणि लोक फोनवर बोलून ठेवतात ते निरोप, डागांचे फोटो, रडगाणी, हे सगळं असंरचित. धंद्यातलं बहुतेक शहाणपण म्हणे याच तिसऱ्या ढिगात पडलेलं असतं आणि आपण त्याकडे ढुंकूनही बघत नाही. मी थक्कच झाले. मॅट्रिक झालेली बाई मी, घरचा जमाखर्च पैन् पै लिहिते, आणि मला आजवर वाटायचं की रकान्यात नाही ते जगात नाही. मोठ्या हौसेने म्हटलं, उपस बाई तो ढीग.

उपसला. यंत्राने सगळे निरोप ऐकून उतरवले, विषयवार लावले, आणि काल सगळ्यांना बसवून भाचीने निकाल वाचला. गिऱ्हाइकं खूश आहेत, बटणांबद्दल थोडी कुरकुर आहे, वगैरे. मग म्हणाली, "पण मामा, एक बाई भयंकर आहे हं. रोज तक्रार. सूर कडक. आजवर एक रुमालसुद्धा धुवायला टाकलेला नाही. असलं गिऱ्हाईक सोडून द्यावं." काका म्हणाले, "कोण ही महामाया?" अहो जाऊबाई, मी दारात कॉफीचा कप घेऊन उभी, आणि समोर पडद्यावर अक्षरं: नळ गळतोय, किती वेळा सांगू, येताना साबण आणा, विसरलात तर याद राखा. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. दोन फोन कशाला पोसायचे म्हणून मीच यांना वेगळा फोन घेऊ दिला नव्हता, त्यामुळे घरचे सगळे निरोप दुकानाच्याच नंबरावर! भाची कानापर्यंत लाल झाली, काकांना एकदम तापलेली इस्त्री आठवली, आणि हे म्हणतात कसे, "सोडून द्यायचा सल्ला जरा उशिरा आला." इतक्या वर्षांच्या संसारात माणूस पहिला विनोद करतो तो हा.

पण त्याचंही मला एवढं नाही. तोंडातून गेलं ते वाऱ्यावर गेलं, या भरवशावरच तर बाईमाणूस मन मोकळं करतं. नुसता पसारा होता तोवर अब्रू झाकलेली होती. आता तिला रकाने फुटले. म्हणून फोन न करता कागदावर लिहिते आहे.

देवावर भार टाकून थांबते.

तुमची,
धाकटी जाऊ

ता. क. अहवालातलं नववं पान भावोजींच्या नजरेस पडण्याआधी काढून घ्यावं. "थोरली जाऊ" असा एक विषय यंत्राला वेगळा सापडला आहे. तारीखवार तक्ता आहे, तीव्रतेप्रमाणे रंग दिले आहेत. लाल जरा जास्त आहे. मला कळेपर्यंत पाकीट टपालात पडलं होतं. कृपा करून न वाचता फाडावं.

आणखी एक. वाचलंतच, तर शेवटच्या ओळीत "जाऊबाईंसारखं माणूस दिवा घेऊन शोधलं तरी सापडायचं नाही" असं माझंच वाक्य आहे. यंत्राने तेही लाल केलं आहे. यंत्राला बोलण्यातली खोच कळत नाही, असं भाची म्हणते. आपण तेच खरं धरावं. फाडलंत की वाचलंत, तेवढं उलट टपाली कळवा.