वच्छलाबाईंच्या मोरपंखीचं बी

तलवाडा, १० ऑक्टोबर

चि. अनिल यास शहादेवचा सप्रेम जयभीम.

मी ठीक आहे. हिमाचलची थंडी तुला आणि तुझ्या देवदारांना बाधत नसेल, अशी आशा करतो. केशर, तुझी ताई, गेल्याला जानेवारीत वर्ष होईल. त्या दिवशी तिच्या मोरपंखीच्या बियांची रोपं (बोटभर का होईनात) नातेवाइकांना देईन, असं मी सगळ्यांना सांगून बसलो आहे. आणि आमच्या झाडाला एक फळ नाही.

सहा वर्षांपूर्वी केशरने गेवराईहून रोपांची जोडी आणली. एक आमच्या अंगणात लावलं, दुसरं शेजारच्या वच्छलाबाईंना दिलं. आमच्या झाडाला शेणखत आणि दोन वेळा पाणी. त्यांचं झाड मुरमात, त्याला शेळी बांधतात. आमचं माझ्या डोक्याच्या वर गेलं. त्यांचं खुरटं, पण फळांनी लगडलेलं. मला बघवत नाही. (शेजाऱ्याच्या झाडावर जळणारा माणूस तुझ्या वनखात्यात कोणी पाहिला नसेल.)

मोरपंखी देवदाराच्याच गोतातली, असं तू फोनवर सांगितलंस. खाऊनपिऊन सुखी असलेलं झाड फांद्या वाढवतं, उन्हातान्हात पोळलेलं बी धरतं, आणि तेही आदल्या हंगामात ठरतं. हे शेवटचं मी नीट ऐकलं नाही. आमच्या झाडाचं पाणी तोडलं. तीन आठवड्यांत शेंडे पिवळे पडले, एवढंच. दुसरी गोष्ट सांगायला लाज वाटते. रोज सकाळी भिंतीवरून त्यांच्या झाडाला युरिया घातलेलं पाणी ओतू लागलो, म्हणजे ते सुखावेल आणि पुढच्या वर्षी तरी फळायचं विसरेल.

पाचव्या दिवशी वच्छलाबाईंनी पाहिलं. मी बादलीसकट उभा. त्यांनी पदर डोळ्याला लावला.

"केशरच्या हातचं झाड म्हनून पानी घालताव का भावजी? लई जीव हुता तुमचा तिच्यावर."

मी हो म्हणून मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून त्यांचे यजमान सुंदररावही त्या झाडाला पाणी घालतात. बाईंनी मूठभर बी पुढे केलं. आमच्या झाडाला येणारच आहे, असं मी म्हणालो.

"येतंय कसलं! केशरच म्हनायची, आमचे मालक झाडाला खाऊ घालून घालून मारतेत, म्हनून एक तुमच्याकडं ठिवते."

हे तिने मला कधी सांगितलं नाही. वच्छलाबाईंना सांगितलं. फळांचं राहू दे, अनिल, मला याचंच जास्त लागलं.

जास्त लिहीत नाही. प्रकृतीला जप.

तुझा,
शहादेव दाजी

ता. क. मला त्यांचं बी नको आहे.

ता. क. २. वच्छलाबाईंना फोन कर आणि ताईच्या झाडाचं बी स्वतःसाठी म्हणून माग. तुला त्या नाही म्हणणार नाहीत. माझं नाव काढू नकोस. ते पाकीट पोस्टात टाकायला त्या माझ्याकडेच देतील. मी ते न फोडता तुला पाठवीन. मिळाल्या दिवशीच मला परत धाड, जानेवारी जवळ आली आहे.